पावसाळ्यात कोन फिल्टर विकू नका, गिऱ्हाईक टिकवा



समजा, तुम्ही जालना रोडवर बाइक ॲक्सेसरीजचं दुकान टाकलंय. जून महिना. एक पोरगा येतो आणि म्हणतो, "दादा, कोन फिल्टर बसवून द्या, आवाज भारी यायला पाहिजे." पैसे हातात तयार. काय कराल?

माझं मत स्पष्ट आहे. रोज पावसात गाडी चालवणाऱ्याला कोन फिल्टर विकू नका.

कारण बघा. कंपनीच्या एअरबॉक्सचं तोंड सहसा वर, सीटखाली आडोशाला असतं. आत शिरलेलं थोडंफार पाणी खालच्या नळीत उतरतं. कोन फिल्टर बसवायचा म्हणजे हा डबाच काढायचा. मग चाकाने उडवलेलं पाणी आणि चिखल थेट फिल्टरवर. रिमझिम पावसात गाडी कदाचित चालेलही. पण साचलेल्या पाण्यात फिल्टर बुडाला, की इंजिन पाणीच ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि इंजिन उघडावं लागतं.

मग विकायचं काय? आधी दोन प्रश्न विचारा: गाडी रोज कुठे जाते? पावसात उघड्यावर उभी असते का? त्यानंतर मूळ एअरबॉक्समध्येच बसणारा, धुऊन तेल लावता येणारा कॉटन फिल्टर दाखवा. बजेट कमी असेल तर साधा पेपर फिल्टर द्या. फक्त भिजला तर बदलायचा, हे सांगा. कोन आधीच बसवलेला असेल तर पाणी झटकणारं कापडी कव्हर द्या. पण ते शिंतोडे अडवतं, बुडालेल्या फिल्टरला वाचवत नाही, हे बिलावरच लिहून द्या.

आता तुम्ही म्हणाल, "सर, आपण नाही म्हटलं तर तो शेजारच्या दुकानात जाईल." जाऊ द्या! एका विक्रीचा नफा जाईल, हे खरंच आहे. नवीन दुकानाला तो टोचतोही. पण इंजिन उघडल्यावर तो पोरगा कुणाचं नाव घेईल? ज्याने फिल्टर बसवला त्याचं. आणि हे छत्रपती संभाजीनगर आहे. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे. इथे अनेक घरांत इंजिन कळणारा माणूस सापडतो आणि शिफ्टसाठी भर पावसात गाडी काढणाराही. त्यांच्यापुढे थाप टिकत नाही. खरं सांगणारा दुकानदार मात्र लक्षात राहतो.

उलट मे महिन्यातच ‘पावसाळी तपासणी’ सुरू करा. एअरबॉक्स साफ, पाण्याची नळी मोकळी, रबर सील घट्ट, फिल्टर कोरडा. वर एक सल्ला फुकट द्या: गाडी पाण्यात बुडून बंद पडली तर स्टार्टर मारू नका, ढकलत आणा. या एका वाक्याने कुणाचं इंजिन वाचलं, तर तो माणूस पुढची सर्व्हिसिंग कुठे करेल, सांगा बरं?

आज एक काम करा. स्वतःच्या गाडीचा एअरबॉक्स उघडा आणि त्याचं तोंड कुठे आहे, पाणी कुठून उतरतं, हे डोळ्यांनी बघा. जे स्वतःला कळलंय, तेच काउंटरवर ठामपणे सांगता येतं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण विश्वासाचा करा!