गुडघ्यांवरची नाव

धर्मशिक्षणाचा वर्ग जाहीर झाला की एक प्रश्न हमखास येतो. मिस्सा संपते, फादर सूचना वाचतात, आणि दारात कुणीतरी आम्हाला गाठून विचारतं, "आमचं सगळं वसईला झालंय. दृढीकरण झालं, लग्नाआधीचा कोर्स झाला, दहा वर्षं गायनमंडळात होतो. आता भाचीची धर्ममाता व्हायचं तर पुन्हा वर्गात का बसायचं?" कुणाचं वसईऐवजी नाशिक असतं, कुणाचं अहिल्यानगर. बडोद्याला नोकरीनिमित्त आलेली ही चांगली, प्रार्थनाशील माणसं. नियमाच्या बाजूनेही त्यांचं चुकत नाही. चर्चच्या कायद्यातलं 874 वं कलम धर्मपिता-धर्ममातेकडून साधारण सोळा वर्षं पूर्ण, दृढीकरण झालेलं आणि विश्वासाला साजेसं जगणं अशा अटी घालतं. आमच्या वर्गाचा उल्लेख त्यात कुठेही नाही.

तरीही आमचं मत आहे की जाणत्यांना सूट देऊ नये. नवख्याला वर्गाची गरज असतेच, पण जाणत्याला ती जास्त असते. हे का, ते सांगण्यासाठी आम्ही एक उदाहरण देतो. ते पवित्र शास्त्रातलं नाही, नदीतलं आहे.

कोलाडजवळ कुंडलिका नदीवर रबरी तराफ्यातून जायला मुंबई-पुण्याची मंडळी जातात, आपल्याकडचीही काही जातात. त्या नदीचं पाणी पावसावर अवलंबून नाही. मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरतं आणि तिथून सकाळी नदीत सुटतं, म्हणून उन्हाळ्यातही तिथे खळाळ असतो. (मुळशी म्हटलं की सेनापती बापट आणि 1921 चा सत्याग्रह आठवायला हवा, ज्यांची शेतं त्या पाण्याखाली गेली त्यांना ही मौज महागात पडली.) अशा खळाळत्या पाण्यात एकट्याने चालवायच्या नावा दोन जातीच्या. एक कयाक, दुसरी कनू. लांबून सारख्याच दिसतात.

कयाक उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट शिकाऱ्यांची. तिच्यात पाय पुढे पसरून बसतात, कमरेभोवती झाकण घट्ट बसवतात आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारतात. त्या बर्फाळ समुद्रात नाव उलटली आणि माणूस बाहेर पडला तर तो गोठून मरणार. म्हणून नावेतून न निघता, पाण्याखाली उलटं लटकत असतानाच वल्ह्याच्या आणि कमरेच्या हिसक्याने पुन्हा सरळ होण्याची विद्या त्यांनी शोधली. तिला आता सगळीकडे 'रोल' म्हणतात. कनू उत्तर अमेरिकेतल्या जंगलांतल्या लोकांची, मुळात भूर्जाच्या सालीची. खळाळात ती गुडघे टेकून चालवतात, आणि वल्ह्याला पातं एकच.

कयाकचा रोल शिकवताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. डोकं सगळ्यात शेवटी वर काढायचं. पाण्याखालच्या माणसाला श्वास हवा असतो, म्हणून तो आधी डोकं उचलतो. डोकं उचललं की उलट्या बाजूचा गुडघा दाबला जातो आणि जवळजवळ सरळ झालेली नाव पुन्हा पालथी होते. आधी नाव सरळ करायची, मग अंग, मग डोकं. हे अंगवळणी पडायला बराच सराव लागतो.

आता हे अंगवळणी पडलेला कयाकवाला कनूत गुडघे टेकतो. त्याला पाणी वाचता येतं. भोवरा कुठे, खडकामागचं शांत पाणी कुठे, प्रवाह कुठे ओढणार, हे सगळं त्याला कळतं, आणि ते वाया जात नाही. पण नाव पालथी झाली की त्याचे हात जुनं काम करू लागतात. वल्हं ओढून, छाती आभाळाकडे वळवून तो वर यायला बघतो. कयाकमध्ये हे बऱ्याचदा निभतं. कनूत गुडघ्यांवर असल्यामुळे अंग उंच असतं, उघडी कनू पाण्याने भरून जड झालेली असते, आणि दुसऱ्या बाजूला आधाराला दुसरं पातं नसतं. म्हणून तिथे बहुतेक जण उलटं करतात. तोंड नदीच्या तळाकडे वळवायचं, पातं पाण्यावर आडवं ठेवून खाली दाबायचं, गुडघ्याने नाव अंगाखाली ओढायची आणि पाण्याला नाक लागेल इतकं डोकं खाली ठेवूनच आत यायचं. श्वास संपत आलेला असताना तळाकडे बघायचं. ज्याने कधीच काही शिकलेलं नाही तो सांगितलं तसं करायला जातो. कयाकवाल्याला आधी स्वतःच्या हातांशी भांडावं लागतं.

हे भांडण जिंकणारे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्स यांनी 2024 मध्ये पॅरिसला कयाक आणि कनू या दोन्ही स्लॅलम शर्यतींत ऑलिम्पिक सुवर्ण मिळवलं. आपल्या देशातही हा खेळ आता परका राहिलेला नाही. 2023 च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात खेलो इंडियाच्या स्पर्धा झाल्या, तेव्हा स्लॅलम महेश्वरच्या सहस्रधारेत झाली. अहिल्याबाईंच्या महेश्वराखालून वाहणारी ती नर्मदा पुढे आपल्याच जिल्ह्यात चाणोदला येते.

इथे थोडं थांबायला हवं. आपल्या शहरात नाव उलटण्याबद्दल सहज लिहिता येत नाही. 18 जानेवारी 2024 रोजी हरणीच्या तलावात सहलीची बोट उलटली आणि 12 मुलं व 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि लाइफ जॅकेट सर्वांच्या अंगावर नव्हती. रोल आला असता तर, असं म्हणण्याचा आमचा अजिबात हेतू नाही. शाळेची लेकरं तिथे खेळ शिकायला गेली नव्हती. आम्हाला एवढंच म्हणायचं आहे की खळाळात उतरणारे लोक नाव उलटणारच असं धरून चालतात. हेल्मेट, जॅकेट, किनाऱ्यावर दोर घेऊन उभा असलेला सोबती, हे सगळं त्या धरण्यातून येतं. हरणीला नाव उलटणारच नाही असं धरलं गेलं होतं.

विश्वासाच्या बाबतीत आपण काय धरून चालतो? धर्मपिता आणि धर्ममाता कशासाठी असतात? बाप्तिस्म्याच्या फोटोसाठी नव्हे. मुलाची नाव कधीतरी पालथी होणार. विसाव्या वर्षी तो म्हणेल की मी प्रार्थना सोडली. तिशीत कुणाचं लग्न मोडेल. आई लवकर जाईल. त्या वेळी किनाऱ्यावर दोर धरून कुणीतरी उभं असावं म्हणून हे नातं आहे. आणि तिथे वसईला पंचवीस वर्षांपूर्वी पाठ केलेली उत्तरं जशीच्या तशी चालत नाहीत. ती उत्तरं खोटी नाहीत, पण ती वेगळ्या नावेसाठी बसवलेली होती. तिथे अख्खं गाव एका चर्चभोवती होतं, आजी संध्याकाळी जपमाळ घेऊन बसत होती, सण सगळ्यांचा एकच होता. इथे मूल वाढतं ते सोसायटीत, जिथे त्याचं घर एकटंच ख्रिस्ती असतं. त्याच्या कानावर प्रार्थना गुजरातीत पडते, शाळेत इंग्रजीत, आणि घरी, पडलीच तर, मराठीत.

प्रेषितांच्या कृत्यांत, अठराव्या अध्यायात, अपुल्लो नावाचा माणूस येतो. आलेक्सांद्रियाचा, वक्तृत्वसंपन्न, शास्त्रात मुरलेला. येशूविषयी तो इफिसच्या सभास्थानात नीट, आवेशाने बोलत होता. त्याला ठाऊक होता मात्र योहानाचाच बाप्तिस्मा. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या नवराबायकोने त्याला ऐकलं, बाजूला घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. ही दोघं राहुट्या शिवणारी. अपुल्लोने काय उत्तर दिलं, हे लूक लिहीत नाही. पण तो शिकला असावा, कारण पुढच्याच ओळींत तो अखया प्रांतात विश्वासणाऱ्यांच्या मोठ्या उपयोगी पडलेला दिसतो. त्याचं आधीचं ज्ञान कुणी रद्द केलं नाही. पण त्याला सूटही मिळाली नाही.

कनूचा आणि आपल्या चर्चचा एक जुना संबंध आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. सतराव्या शतकात फ्रेंच येशूसंघीय फादर कॅनडातल्या ह्युरॉन लोकांकडे सालीच्या कनूतून जात. संत जाँ द ब्रेबफ यांनी नव्याने येणाऱ्या फादरांसाठी 1637 मध्ये सूचना लिहिल्या. झगा वर खोचा, नावेत वाळू आणि पाणी आणू नका, तुमच्यासाठी कुणाला ताटकळत ठेवू नका, आणि शेवटपर्यंत वल्हवणार नसाल तर वल्हं हातात घेऊच नका. त्याच सुमाराला त्यांनी असंही बजावलं होतं की फ्रान्समध्ये तुम्ही मोठे ईशज्ञानी असाल, इथे तुम्ही बायकामुलांकडून बोलायला शिकणारे विद्यार्थी आहात. बारा वर्षांनी, 1649 मध्ये, त्याच लोकांमध्ये राहत असताना ते शहीद झाले. मोठ्या विद्वानांना वाळू झटकून नावेत बसायला शिकवणारा हा संत आम्हाला फार जवळचा वाटतो.

गुडघे टेकण्यावरून आम्ही फार मोठा अर्थ काढत नाही. तसा काढणाऱ्यांनी नायसियाच्या 325 च्या धर्मसभेचा शेवटचा नियम बघावा. रविवारी आणि पास्काकाळात प्रार्थना उभं राहून करावी, असं तो सांगतो. गुडघ्यांवर असूनही माणूस ताठ राहू शकतो.

विरोधात एक मुद्दा मात्र आम्हाला पूर्ण मान्य आहे. जाणत्यांना मुलांच्या पुस्तकातले प्रश्नोत्तरांचे धडे पुन्हा म्हणायला लावणं हा त्यांचा अपमान आहे आणि वेळेचा अपव्यय आहे. कयाकवाल्याला पाणी म्हणजे काय हे शिकवत नाहीत. म्हणून या वर्षी वर्ग वेगळा ठेवावा, अशी विनंती आम्ही फादरांना केली आहे. व्याख्यान नाही. दर रविवारी एक प्रसंग: मूल म्हणतं मला चर्चला यायचं नाही, जावई ख्रिस्ती नाही, घरात मृत्यू झाला आहे. त्यावर जाणत्यांनी आपलं उत्तर द्यायचं, आणि समोर बसलेल्या, इथेच वाढलेल्या तरुण-तरुणींनी ते कुठे पोहोचतं आणि कुठे नाही ते सांगायचं. प्रभूची प्रार्थना गुजरातीत म्हणायची, आणि शिकवायला दृढीकरणाच्या वर्गातली मुलं. उच्चारांवर ती हसतील, त्याची तयारी ठेवून या.

वर्ग नऊच्या मिस्सेनंतर, चर्चमागच्या खोलीत. सुरुवातीची प्रार्थना गुडघे टेकून होते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी खुर्च्या आहेत. कनूवालेही गुडघ्यांखाली जाड फोम घालतात.