सरासरी नको, वाईट सालाचा आकडा द्या!



मृगाच्या तोंडावर बियाण्याची जाहिरात गावोगाव फिरते. तिच्यावर मोठ्या अक्षरांत एकच गोष्ट असते : एकरी इतके क्विंटल. ते कोणत्या साली पिकले, कोणत्या जमिनीत, किती पावसावर, यातले काहीही नसते. सरकारी शिफारशीत हेच जरा सभ्यपणे लिहितात : हेक्टरी सरासरी उत्पन्न.

आमचे म्हणणे असे की कोरडवाहू शेतकऱ्याच्या रानात सरासरी कधी पिकतच नाही. पिकते ते त्या त्या सालाचे. आणि कर्ज चढते ते वाईट सालात.

हिशेब करून पाहा. समजा, एका कपाशीने तीन साली एकरी १२, ९ आणि १ क्विंटल दिले. दुसरीने ७, ६ आणि ५. पहिलीची सरासरी सव्वासातच्या वर, दुसरीची ६. जाहिरात पहिलीची होणार. आता खर्च धरा. बियाणे, खत, फवारण्या मिळून पहिलीला दर साली ५ क्विंटलच्या किमतीइतका खर्च येतो, दुसरीला ३. तीन वर्षांनी पहिलीने हातात ठेवले ७ क्विंटल, दुसरीने ९. शिवाय पहिलीच्या तिसऱ्या साली सावकाराचा उंबरठा चढावा लागला, त्याचे व्याज वेगळेच.

आता ही सरासरी बनते कशी तेही ऐका. प्रस्तुत लेखक शेतकीचा पदवीधर आहे, प्रयोगक्षेत्रावर राबलेला आहे. जेथे प्रयोग पावसाने मोडला किंवा उत्पन्न फारच खाली आले, तेथले आकडे भरवशाचे नाहीत म्हणून बहुधा सरासरीतून वगळतात. शास्त्राच्या दृष्टीने त्याला कारण आहे. पण त्यामुळे होते काय? जे साल आपल्याला बुडवते, नेमके तेच साल कागदावरून नाहीसे होते!

ज्वारीने शिकवलेला धडा

१९६४ साली सीएसएच-१ ही ज्वारीची पहिली संकरित जात आली. मागोमाग इतर आल्या. दाणा भरपूर, ताट बुटके, पीक लवकर हाताशी. पण लवकर येणारे कणीस ऐन पावसात सापडू लागले. दाणा भरताना चार दिवस झड लागली की बुरशी चढली आणि पांढरी ज्वारी काळी पडली. व्यापाऱ्याने ती कवडीमोलाने मागितली.

जुन्या उंच खरीप ज्वाऱ्यांचे तसे नव्हते. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय त्या निसवत नसत. पेरणी आठ-पंधरा दिवस मागे-पुढे झाली तरी कणीस बाहेर पडायचे ते पाऊस ओसरण्याच्या सुमारास. दाणा कमी, पण पांढरा, आणि जनावरांना उंच कडबा. या गुणाला सरासरीच्या तक्त्यात रकानाच नव्हता. पुढे विदर्भात खरीप ज्वारी मागे हटली आणि सोयाबीन आले, त्याला इतरही कारणे आहेत; पण काळ्या दाण्याचा वाटा त्यात मोठा आहे.

रब्बीत उलटे घडले. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून एम ३५-१ निवडली गेली. नंतर रब्बीसाठी संकरित जाती आल्या, पण मालदांडीला हलवू शकल्या नाहीत. जमिनीतल्या मुरलेल्या ओलीवर येणारे हे पीक. शेवटी ओल तुटली की खडखड्या लागतो आणि ताटे आडवी होतात. तेथे मालदांडी तग धरते, भाकरीला उतरते, कडबाही देते. शेतकऱ्याने ती हट्टाने राखली नाही, अनेक वाईट साले पाहून राखली.

कपाशीचे काय झाले?

स्वातंत्र्याच्या वेळी देशातला जवळजवळ सारा कापूस देशी होता. १९७० साली सुरतेस संकर-४ ही जात निघाली. २००२ साली बीटीला परवानगी मिळाली आणि ती आपल्याला संकरित बियाण्यातच मिळाली. दर साली नवे पाकीट घ्या! अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया बीटी पेरतात ते सरळ वाणात. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात बीटी कपाशीची काय दशा केली, ते सर्वांनी पाहिले आहे.

हवामानाच्या कसोटीवर दोघींना शेजारी उभे करा. पाऊस दडी मारतो तेव्हा देशी कपाशी मूळ खोल घालून थांबते. तुडतुड्यांनाही ती सहसा दाद देत नाही. संकरित कपाशी लाल्याने लाल होते. लांब उघडीपीनंतर एकदम जोराचा पाऊस आला तर संकरितात उभी झाडे आकस्मिक मरीने माना टाकतात. उलट पाऊस वेळेवर, जमीन भारी आणि एखादे संरक्षित पाणी असेल, तर संकरितापुढे देशी टिकत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्यांनीही ऐकावे. देशी बोंड लहान, धागा बहुधा आखूड. फुटलेला कापूस बोंडात धरून राहत नाही, म्हणून वेचण्या जास्त. वेचणीच्या वेळी पाऊस आला तर कापूस मातीत. व्यापारी थोडा माल वेगळा घेत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने पीए २५५, पीए ४०२ असे लांब धाग्याचे देशी वाण काढले, अकोल्यानेही एकेए ८४०१ सारखे वाण दिले. पण दुकानात मागा, काय उत्तर मिळते ते पाहा.

मागणी

राहुरीचे विद्यापीठ रब्बी ज्वारीची शिफारस जमिनीच्या खोलीवर करते : हलकीत फुले अनुराधा, मध्यममध्ये फुले सुचित्रा, भारीत फुले वसुधा. म्हणजे करायचे ठरवले तर जमते. मग पावसाप्रमाणे का नाही? प्रत्येक तालुक्यात, पाण्याविना, जुने व नवे वाण शेजारी पेरा. दर सालाचा आकडा छापा, मोडलेल्या सालाचासुद्धा. खर्च, फवारण्या आणि कडबाही मांडा.

ही भीक नव्हे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ याचे कलम ३९ सांगते की नोंदणी झालेल्या वाणाचे बियाणे विकताना ते कोणत्या परिस्थितीत काय देईल हे शेतकऱ्याला सांगितले पाहिजे. त्या परिस्थितीत तसे उतरले नाही तर भरपाई मागता येते. स्वतःचे बी राखण्याचा, देण्याघेण्याचा, बिगर-छाप विकण्याचा हक्कही त्याच कलमात आहे. पाकीट घेताना पावती घ्या आणि विचारा : पंचवीस दिवसांचा खंड पडला तर हे वाण काय देईल? उत्तर लेखी मागा.

आणि सरकारची वाट पाहत बसू नका. यंदा प्रत्येक गावात निदान पाच जणांनी, एकाच रानात, एकाच दिवशी, प्रत्येक वाणाचे दहा-दहा तास पेरावेत. बांधालगतचे तास मोजणीत धरू नका. सरळ उभ्या कडेचा डबा उघड्यावर ठेवून पाऊस पट्टीने मोजा. पेरणी, खंडाचे दिवस, फवारण्या, वेचण्या, वजन, मिळालेला भाव, सारे वहीत लिहा. पीक मोडले तर तेही लिहा, तो आकडा सर्वांत मोलाचा आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीला भाषण आणू नका, वही आणा. शंभर गावांच्या वह्या टेबलावर पडल्या, की सरासरीचा कागद घेऊन कोण साहेब समोर उभा राहतो ते पाहू!