फोन आधी मोठ्यांनी ठेवावा

वर्षभर एक गोष्ट मनाला टोचत राहिली. तिरोडा तालुक्यातल्या चोरखमारा गेटमधून नागझिऱ्याच्या जंगलात शिरणाऱ्या जिप्सीत आजोबा, वडील, नातू असे सगळे असतात आणि सगळ्यांच्या माना फोनवर झुकलेल्या असतात. आजोबांना सुप्रभातचे मेसेज पुढे पाठवायचे असतात, वडिलांना ऑफिसला उत्तर द्यायचे असते, नातू गेममध्ये. चितळ ओरडते, गाइड बोट दाखवतो, आणि माना वर होईपर्यंत समोर हलणारी पाने तेवढी उरतात. मग चिडचिड गाइडवर.

याच जंगलात पायी हिंडून, एका जागी तासन्‌तास बसून व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले. निसर्गअभ्यासक किरण पुरंदरे इथे चारशे दिवस राहिले. नवेगावबांधला वर्षे काढलेले अरण्यलेखक मारुती चितमपल्ली २०२५ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर १८ जूनला गेले.  या माणसांना वाट पाहता येत होती. आपल्याला ते जमत नाही, आणि याचा दोष आपण खुशाल मुलांवर टाकतो, हे मला मान्य नाही.

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या गाड्या काही मुलांनी लावल्या नव्हत्या.

फोनचेही तसेच. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदी केली. हेतू चांगला, पण मला पटते ते सांगली जिल्ह्यातले मोहित्यांचे वडगाव. तिथे त्याच वर्षी संध्याकाळी सातचा भोंगा सुरू झाला. तो वाजला की दीड तास घरोघरचे फोन आणि टीव्ही बंद. भोंगा वय विचारत नाही. बाप रील पाहत असताना पोराने पुस्तक उघडावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

या अंकाचा विषय ‘वाट पाहणे’ आहे. शेतकऱ्याच्या, परदेशी गेलेल्या लेकीच्या आईच्या, टपालाच्या आठवणी पुढच्या पानांत आहेतच. त्या सावकाश वाचा. आणि सुटीत नागझिऱ्याला येणार असाल, तर गेटवर घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने आपला फोन आधी बंद करून पिशवीत टाकावा. मुलांना सांगायचे ते त्यानंतर.