तीर्थनचा ट्राउट, वैतरणेचा महाशीर

माझगावात मासा हा पहाटेचा विषय आहे. भाऊच्या धक्क्यावर अंधारातच बोटी लागतात, लिलाव पुकारले जातात, टोपल्या उचलल्या जातात आणि उजाडेपर्यंत निम्म्या मुंबईचं दुपारचं जेवण ठरून गेलेलं असतं. या गजबजाटापासून जरा बाजूला, भरतीची वेळ धरून बसणारी दुसरी एक जमात असते. ही गरवणारी माणसं. हातात तंगूस, टोकाला गरी, गरीला कोळंबीचा तुकडा आणि थोडं वर शिशाचं वजन. बहुतेकदा शिंगाळी लागते. नशीब जोरावर असेल तर जिताडा. बाजारात मासा हवा तेवढा मिळत असताना ही माणसं तासन्‌तास का बसतात, हे ज्यानं एकदा तंगुसाला बसलेला हिसका बोटांवर अनुभवला आहे त्याला सांगावं लागत नाही.

अशा हौशी मंडळींपैकी काही जण आता मित्रांचा गट करून हिमाचलात जातात. कुलू जिल्ह्यातली तीर्थन नदी हे त्यांचं आवडतं ठिकाण. मत्स्य विभागाचा परवाना काढायचा, गुशैनीच्या आसपास कुणाच्या तरी घरी मुक्काम करायचा आणि सकाळी नदीवर उतरायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद, कारण थंडीत ब्राउन ट्राउट अंडी घालतो. मार्च उजाडला की नदी पुन्हा खुली.

खाडीवर हात बसलेल्या माणसाला पहाडी नदीवर पहिल्या दिवशी सगळंच उलटं वाटतं. शिसं नाही, कोळंबी नाही, एका जागी बसणंही नाही. पाणी गुडघाभर आणि इतकं निवळ, की तळाचा खडा न्‌ खडा दिसावा. ट्राउट धोंड्याच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, वरून वाहत येणारा किडा टिपायला. म्हणून माणसानं खालच्या अंगानं, त्याच्या पाठीमागून यायचं आणि आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. गरीवर बांधलेली असते ती फ्लाय, म्हणजे कोंबड्याच्या मानेचं पीस, जराशी लोकर आणि रेशमी दोरा यांचा जेमतेम सेंटीमीटरभर किडा. तिला वजनच नसतं, त्यामुळे ती फेकताही येत नाही. फेकायची असते ती जाड, वजनदार दोरी. फ्लाय तिच्यामागून आपसूक जाते. रॉड मागे न्यायचा, थांबायचं, दोरी पाठीमागे पुरती उलगडू द्यायची आणि मगच पुढे. त्या थांब्यात घाई झाली की सगळं भेंडोळं अंगावर येतं. लहानपणी चाळीच्या गच्चीवरून ज्यानं पतंगाला ढील दिली आहे, त्याच्या हाताला हा थांबा लवकर कळतो.

फेकण्याआधी पाहणं असतं, आणि खरी गोडी तिथेच आहे. जाणता माणूस आधी पाण्यातला एक दगड उचलून उलटा करतो. त्याच्या पोटाला मेफ्लायची पिल्लं चिकटलेली असतात. हा किडा महिनोन्‌महिने दगडाखाली काढतो आणि पंख फुटल्यावर फार तर एखाद-दोन दिवस जगतो. दगडाखाली आज काय आहे, पाण्यावर काय उडतंय, त्यावरून पेटीतली कोणती फ्लाय बांधायची ते ठरतं. मित्रांबरोबर जाण्यात अर्थ आहे तो यामुळे. एक जण काठावरच्या उंच धोंड्यावरून मासा हेरतो आणि खुणेनं सांगतो, दुसरा पाण्यात उभा राहून दोरी टाकतो. एकाचा डोह झाला की तो मागे येतो आणि पुढचा डोह दुसऱ्याचा. कुणी कुणाच्या पाण्यातून चालत जायचं नाही, हा अलिखित नियम. मासा लागला तरी बहुतेक जण ओल्या हातानं गरी सोडवून त्याला परत पाण्यात जाऊ देतात.

हा ट्राउट मात्र हिमालयाचा नाही. तो आणलेला आहे. श्रीनगरात गालिचांचा कारखाना चालवणारे एफ. जे. मिचेल यांच्या खटपटीतून १८९९ साली ट्राउटच्या अंड्यांची पहिली खेप विलायतेहून निघाली आणि वाटेतच वाया गेली. १९०० सालची दुसरी खेप स्कॉटलंडहून आली आणि ती जगली. एवढा लांबचा प्रवास जमला, कारण थंड पाण्यात ट्राउटचं अंडं फुटायला महिना-दीड महिना घेतं. बर्फात जपलं तर जहाज आणि आगगाडी दोन्ही सोसतं. पुढे १९०९ मध्ये जी. सी. एल. हॉवेल यांनी काश्मीरचं बीज कुलूत आणलं आणि कटराईनजवळ माहिलीला उबवणी केंद्र उभं केलं. बियास आणि तिच्या उपनद्यांतला ट्राउट तिथून पसरला. त्या नद्यांचा मूळ मासा होता स्नो ट्राउट. नावात ट्राउट असलं तरी तो रोहू-कटल्याच्या कुळातला. परक्या ब्राउन ट्राउटनं अनेक ओढ्यांत त्याची जागा बळकावली. ट्राउटचं कौतुक करताना ही किंमत सहसा कुणी बोलून दाखवत नाही. ती बोलायला हवी.

सह्याद्रीत ट्राउट नाही आणि जगणारही नाही. पाणी विशीच्या पुढे तापलं की त्याचा जीव घाबरा होतो. इकडच्या नद्या तर चार महिने रोंरावतात आणि एप्रिल-मेमध्ये डोहांपुरत्या उरतात. तरीही डोंगरी पाण्यातल्या माशासाठी मराठी माणसानं कुलूच गाठावं असं काही नाही. सह्याद्रीचा स्वतःचा मासा आहे. तो महाशीर.

कर्नल विल्यम साइक्स यांनी मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनचा मुलूख पालथा घातला. त्यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यातल्या महाशीरचं शास्त्रीय वर्णन छापलं. दख्खनच्या महाशीरचं शास्त्रातलं नाव ‘टॉर खुदरी’ हे त्यांनीच दिलेल्या नावावरून पुढे आलं. थोराड खवले, जाड ओठ, जबड्यात दात नाहीत, पण घशातल्या दातांनी शिंपले फोडणारा आणि कच्ची गरी चिरडणारा हा मासा. पावसाळ्यात तो वरच्या अंगाला चढतो, खडकाळ तळावर अंडी घालतो आणि पाणी उतरलं की डोहात परततो. एच. एस. थॉमस यांनी १८७३ च्या ‘द रॉड इन इंडिया’ या पुस्तकात त्याला विलायती सॅमनच्या वर बसवलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९४८ मध्ये महाशीर गळाला लावण्याच्या कलेवर मॅक्डोनल्ड यांचं अख्खं पुस्तक काढलं. मुंबईच्या गरवणाऱ्यांची ही आपल्याच शहरातली परंपरा आहे.

मग नद्यांवर भिंती आल्या. लोणावळ्याजवळच्या वळवण धरणाची कोनशिला १९११ साली बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईत आली. परळ-लालबागच्या गिरण्या तिच्यावर चालल्या. पिण्याच्या पाण्यासाठी १९५७ मध्ये वैतरणेवर मोडकसागर झालं, पुढे अप्पर वैतरणा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. या शहराला पाणी आणि वीज लागणारच, त्याबद्दल वाद नाही. पण अंडी घालायला वर चढणाऱ्या माशाला धरणाची भिंत ओलांडता येत नाही, आणि ती भिंत मुंबईसाठी बांधलेली आहे, हे माझगावच्या नळाखाली हंडा लावणाऱ्यालाही ठाऊक असायला हवं. त्यात सुरुंगाची भर पडली. सुरुंग लावून आणि विष कालवून मासे मारण्याला १८९७ च्या मत्स्य कायद्यानंच बंदी केली, तरी डोहात टोटे फुटत राहिले. एका स्फोटात मोठ्या माशांबरोबर बोटभर पिल्लंही उलटी होतात.

महाशीरच्या मदतीला धावली ती वळवणचं धरण बांधणारी वीज कंपनीच. १९७० च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी टाटांच्या लोणावळ्याच्या तलावांवर महाशीरची कृत्रिम पैदास करून पाहिली. ते महाराष्ट्राच्या मत्स्यखात्याचे माजी संचालक. पुढे एस. एन. ओगले यांनी हे काम वर्षानुवर्षं वळवणला चालवलं. पावसाळ्यात अंडी घालायला तलावाच्या तोंडाशी येणारे मासे हलक्या हातानं धरायचे, मादीच्या पोटावरून अलगद बोटं फिरवून अंडी काढायची, त्यात नराचं वीर्य मिसळायचं आणि वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ती पसरून ठेवायची. महाशीरचं अंडं ट्राउटसारखं सवडीनं फुटत नाही, तीन-चार दिवसांत पिल्लू बाहेर येतं. मग ते दूर कसं न्यायचं? कुलकर्णी-ओगले यांनी ओल्या कापसात अंडी ठेवून विमानानं पाठवून दाखवली आणि १९७९ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. आपल्याकडच्या विज्ञानातली ही किती साधी आणि किती देखणी गोष्ट! लोणावळ्याचं बीज देशभरच्या नद्यांत आणि तलावांत गेलं. महाशीर वाचवायचा तर वळवणला विचारा, अशी या केंद्राची ख्याती झाली.

याच यशाचा एक धागा कावेरीत जाऊन गुंतला. कावेरीत निराळा, पाठीवर उंचवटा आणि केशरी पर असलेला महाशीर होता. १९४६ साली कबिनी नदीत व्हॅन इंगेन यांच्या गळाला लागलेला १२० पौंडांचा महाशीर आजही विक्रम म्हणून सांगतात. कावेरीत मासे कमी झाले म्हणून तिथल्या मासेमारीप्रेमींनी सद्‌हेतूनं लोणावळ्याच्या निळसर पराच्या महाशीरची पिल्लं नदीत सोडली. त्या काळी सगळे महाशीर जवळपास एकच मानले जात. पाहुणा वाढला आणि घरचा आटत गेला. २०१८ मध्ये कावेरीच्या त्या उंचवट्याच्या माशाची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी पक्की झाली, तेव्हा तो अतिसंकटग्रस्त यादीत जाण्याइतका दुर्मीळ झाला होता.

हे उघडकीला आलं ते गळ टाकणाऱ्यांच्या वह्यांमुळे. कावेरीकाठच्या गलिबोरच्या कॅम्पवर मासा धरून सोडून देण्याची रीत होती आणि प्रत्येक माशाची नोंद होत असे. पिंडर, राघवन आणि ब्रिटन या अभ्यासकांनी १९९८ ते २०१२ च्या त्या नोंदी लावून पाहिल्या आणि २०१५ साली त्यावर लिहिलं. निळ्या पराचे मासे वाढत गेलेले, उंचवट्याचे जवळजवळ संपलेले, असं त्यांतून स्पष्ट दिसलं. एवढ्या वर्षांची दुसरी मोजदाद कुणाकडेच नव्हती.

महाराष्ट्रात महाशीर राखला तो गावांनी आणि देवांनी. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, वरदायिनीचं ठिकाण. भाविक कुरमुरे टाकतात आणि कातळाच्या डोहातून काळे-सोनेरी मासे वर येतात. तिथे गळ कुणी काढत नाही. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसेश्वराच्या डोहातही तसंच अभय आहे. इंद्रायणीवर देहू-आळंदीच्या डोहांतले मासेही लोकांनी असेच जपले, पण त्या नदीवर आज फेसाचे थर तरंगतात. पाणीच नासलं तर तिथे देवाचंही अभय पोहोचत नाही. ट्राउटला परवाना, बंद हंगाम आणि पहारेकरी मिळाले. सह्याद्रीच्या माशाची राखण अजून पुजारी आणि गावकऱ्यांवरच सोडलेली आहे. हा अन्याय मुंबईकरांना बोचायला हवा, कारण या नद्यांवर आपलं शहर जगतं. तीर्थनच्या खोऱ्यातल्या लोकांनी आपल्या नदीवर वीजप्रकल्प नकोत म्हणून लढा दिला. तिथे ट्राउट गळाला लावून परतणाऱ्या माझगावकरानं तो लढाही सोबत आणावा.

गरवणाऱ्याच्या हातात काही गोष्टी नक्कीच आहेत. वाळणकोंड आणि तिळसे इथे रॉड न्यायचाच नाही. जिथे मासेमारीला परवानगी आहे तिथेही जून ते सप्टेंबर महाशीरच्या वाटेला जायचं नाही, ते त्याचे अंडी घालायचे महिने. गरीचा काटा पक्कडीनं दाबून सपाट करायचा म्हणजे ती ओठातून सहज सुटते. मासा पाण्याबाहेर फोटोपुरता धरायचा, तोही दोन्ही हात ओले करून, आणि प्रवाहाकडे तोंड करून सोडायचा. बाजारातून आणलेली मत्स्यबीजाची पिशवी, कितीही चांगल्या मनानं का होईना, नदीत रिकामी करायची नाही. आणि खिशात एक वही हवी. तारीख, नदी, जवळचं गाव, पाणी गढूळ की निवळ, माशाची लांबी, पराचा रंग, सोडला की मेला, एवढं तिच्यात त्याच संध्याकाळी लिहायचं. मित्रांचा गट असेल तर एकानं मोजायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी मुंबईतच आहे. पाच-सात वर्षांची अशी वही तिथल्या अभ्यासकांच्या हाती पडली, तर वैतरणेच्या महाशीरचं काय झालं याचं उत्तर निदान अंदाजावर राहणार नाही.