कीर्द, खतावणी आणि पायथन

निवृत्तीनंतर ‘पायथन’ ही संगणकाची भाषा शिकण्याचे मनात आले, तेव्हा घरातील तरुण मंडळी किंचित हसली. डच संगणकतज्ज्ञ गुइडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केली. पहिल्या आठवड्यातच ध्यानात आले की, ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कीर्द-खतावणी लिहिली गेली, त्यांना यातील बरीचशी विद्या अवगतच असते.

‘लिस्ट’ म्हणजे आपली कीर्द. नोंदी आल्या त्या क्रमाने राहतात आणि ‘अपेंड’ म्हणताच नवी नोंद शेवटी जाऊन बसते. पहिल्या नोंदीचा क्रमांक शून्य असतो, एवढे पचनी पडायला वेळ लागतो. ‘डिक्शनरी’ ही खतावणी. तेथे पाने उलटायची नाहीत; नाव सांगितले की त्यापुढील बाकी हाती येते. मात्र त्याच नावापुढे पुन्हा नुसती रक्कम लिहिली तर जुनी बाकी नाहीशी होते. म्हणून ‘जुनी बाकी अधिक नवी उधारी’ असेच लिहावे.

खरी मेख ‘स्ट्रिंग’मध्ये, म्हणजे अक्षरांच्या माळेत आहे. अवतरणचिन्हांत जे लिहिले ते यंत्राच्या लेखी केवळ अक्षरे. तेथे ५०० आणि २५० यांची बेरीज ७५० होत नाही, ५००२५० होते! साध्या मजकुराच्या फाइलमधून वाचलेला प्रत्येक आकडा असाच अक्षररूपाने येतो. ‘इंट’ लावून त्याची संख्या करावी लागते. १,२०० मधला स्वल्पविराम ‘इंट’ला चालत नाही, तो आधी काढावा. देवनागरी आकडे मात्र त्याला बिनदिक्कत कळतात, याचे मला फार कौतुक वाटले. आणखी एक. नावाच्या शेवटी चुकून मोकळी जागा राहिली तर आपल्याला नाव तेच दिसते, यंत्र मात्र दुसरे खाते उघडते. ‘स्ट्रिप’ने कडेच्या जागा झाडून घ्याव्यात. बँकेत एकाच गृहस्थाची दोन खाती जुळवण्यात मी अनेक संध्याकाळी घालवल्या आहेत. त्यांची आठवण झाली.

आता माझी फजिती. पुतण्याच्या दुकानाची तीन महिन्यांची उधारी मी एका फाइलमध्ये ठेवली होती. एके रात्री दोन नोंदी वाढवायच्या होत्या. ‘ओपन’ या आज्ञेत फाइलच्या नावापुढे ‘ए’ऐवजी ‘डब्ल्यू’ लिहिले गेले. ‘ए’ म्हणजे शेवटी भर घाल. ‘डब्ल्यू’ म्हणजे नव्याने लिही. फाइल उघडताक्षणीच जुना मजकूर पुसला जातो, आणि यंत्र ‘खात्री आहे ना?’ असे विचारतही नाही. मागे राहिल्या त्या दोनच नोंदी. आयुष्यभर मी कनिष्ठांना बजावत आलो की, चुकलेली नोंद खोडू नये, उलट नोंद करून दुरुस्त करावी. आणि येथे मीच सबंध वही कोरी केली.

पुतण्या एका शब्दानेही बोलला नाही, हेच अधिक लागले. आम्ही बिलांच्या प्रती काढल्या, उरलेल्या ग्राहकांना विचारले. बहुतेकांनी आपली बाकी आपणहून सांगितली. एकाने सांगितलेली रक्कम आमच्या अंदाजापेक्षा अधिक निघाली.

आता नवी फाइल करायची असेल तर मी ‘एक्स’ वापरतो. त्या नावाची फाइल आधीच असल्यास यंत्र नकार देते. रोज दुकान वाढवल्यावर फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घेतो. पुतण्या कागदी वहीही लिहू लागला आहे, आणि मी त्याला अडवत नाही.