फोटो पेपर : वजनावर जाऊ नका, लेप पाहा

घरच्या इंकजेट प्रिंटरवर फोटो काढून चार पैसे मिळवणारे आमचे बांधव आज गल्लोगल्ली आहेत. कोणी पासपोर्ट फोटो देतो, कोणी बांगड्यांचे किंवा साडीच्या नव्या डिझाइनचे नमुने छापून गिऱ्हाइकाकडे धाडतो. टाकीचे प्रिंटर आल्यापासून शाईचा खर्च उतरला आणि कागदाचा खर्च डोळ्यांवर येऊ लागला. स्वस्त कागद घेण्याला आमचा विरोध नाही. डोळे झाकून घेण्याला आहे.

दुकानदार म्हणतो, "180 जीएसएम कशाला, 230 घ्या, जाड आहे." जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. शाई धरून ठेवतो तो वरचा लेप, आणि लेपाबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही.

स्वस्त चकचकीत कागद बहुधा कास्ट-कोटेड असतो, म्हणजे साध्या कागदावर लेप देऊन चमक आणलेला. महाग कागद आरसी, म्हणजे रेझिन-कोटेड. त्यात कागदाच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा पातळ थर असतो. ओळखायला सोपे आहे. पाठीवर पाण्याचा थेंब टाका. कास्ट-कोटेडची पाठ पाणी पिते, आरसीच्या पाठीवर थेंब तसाच उभा राहतो.

अर्जाला चिकटवायच्या फोटोला कास्ट-कोटेड पुरतो. 4 बाय 6 इंचांच्या एका कागदावर 35 बाय 45 मिलिमीटरचे आठ फोटो बसतात; तिथे आरसी वापरणे म्हणजे उधळपट्टी. मात्र दहा हातांत फिरणारा नमुना किंवा भिंतीवर लावायचा फोटो असेल तर कंजुषी महागात पडते.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. शेजारच्या एका चाचांनी मरहूम वडिलांचा जुना फोटो मोठा करून मागितला. आम्ही हाताशी होता तो सर्वांत स्वस्त कागद वापरला आणि पैसे मात्र पुरे घेतले. बिनकाचेचा फोटो खिडकीसमोर लागला. वर्षाच्या आत निळा रंग उडाला, चेहरा तांबूस झाला. मूळ फोटो तोवर घर बदलताना हरवला होता. आमच्या कॉम्प्युटरात स्कॅन शिल्लक होता म्हणून आब राहिली. दुसरी प्रत आरसीवर काढून, काचेत बसवून, फुकट दिली. चाचा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागले.

दोष एकट्या कागदाचा नव्हता. डाय शाई उन्हाने आणि उघड्या हवेनेही उडते. काच दोन्हींपासून बराच बचाव करते. पिगमेंट शाई टिकाऊ खरी, पण ती स्वस्त चकचकीत कागदावर वरच राहते आणि बोटाने पुसली जाते. तेव्हा आपल्या प्रिंटरात कोणती शाई आहे हे आधी पाहावे.

शंभरचा गठ्ठा उचलण्यापूर्वी पाच सुटे कागद मागून घ्या. एकच फोटो छापा, रात्रभर वाळू द्या, मग अर्धा कापून खिडकीत लावा आणि अर्धा कपाटात ठेवा. महिन्याने दोन्ही तुकडे शेजारी धरा. छापताना शाई साचत असेल तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'ग्लॉसी'ऐवजी 'मॅट' निवडून पाहा. शाई कमी सुटते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, फोडलेले पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवावे. आणि हा कागद लेझर प्रिंटरात चुकूनही घालू नये. तिथल्या उष्णतेने लेप वितळून आत चिकटतो, मग दुरुस्तीचे बिल कागदाच्या दहा गठ्ठ्यांना भारी पडते.