मेलेल्या माशाची जागा

वसई परिसरातील आपल्या पुष्कळ घरांतून आता काचेची मत्स्यपेटी दिसू लागली आहे. वाडीतल्या जुन्या घराच्या ओटीवर ती असते, तशी नव्या इमारतीतल्या दिवाणखान्यात, घरच्या वेदीपासून हातभर अंतरावरही असते. कधी ती वाढदिवसाची भेट म्हणून येते, तर कधी मुलाच्या प्रथम ख्रिस्तशरीराच्या सोहळ्यात कुणी हौसेने दिलेली असते. पेटीतला एखादा मासा मेला म्हणजे पुढे काय घडते, हे अनेक आईवडिलांना ठाऊक आहे. सकाळी तो पोट वर करून तरंगताना आढळतो. घरातले कुणीतरी त्याला जाळीने उचलते, संडासात टाकून वर पाणी ओतते, आणि मूल शाळेतून परतण्यापूर्वी त्याच रंगाचा, तेवढ्याच आकाराचा दुसरा मासा प्लास्टिकच्या पिशवीतून घरात दाखल होतो. पेटीतली संख्या पूर्ववत होते. काही घडलेच नाही, असे सर्वजण मानून चालतात.

या रीतीला माझा विरोध आहे. मेलेल्या माशाच्या जागी लगोलग दुसरा आणू नये. बहुतेक घरांनी तर मुळीच आणू नये. जे मासे उरले असतील त्यांचा अखेरपर्यंत नीट सांभाळ करावा, आणि शेवटचा गेला की पेटी धुऊन, पुसून माळ्यावर ठेवावी. वीस-पंचवीस रुपयांच्या जिवासाठी एवढी चर्चा कशाला, असे कुणी विचारील. परंतु ज्या जिवाची किंमत आपल्याला वीस रुपये वाटते, त्याच्याशी आपण कसे वागतो हे पाहूनच मुले जीव म्हणजे काय ते शिकत असतात.

प्रथम एका समजुतीचा समाचार घेतला पाहिजे. मासा मेला म्हणजे घरावर येणारी पीडा त्याने आपल्या अंगावर घेतली, म्हणून शोक न करता ताबडतोब दुसरा आणावा, असे सर्रास सांगितले जाते. पेटीत आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे असावेत, काळ्याने अरिष्ट शोषून घ्यावे, आणि संख्या कधी मोडू देऊ नये, असाही दंडक आहे. फेंगशुई आणि वास्तुशास्त्र यांच्या नावाने पसरलेला हा विचार शेजारच्या घरातून आपल्या घरात केव्हा शिरला, ते आपल्याला कळलेही नाही. पवित्र क्रूसाखाली बसून आपल्यापैकी काहीजण तो सहजपणे बोलून दाखवतात.

येथे मला थोडे कठोर बोलणे भाग आहे. इस्राएल लोक आपली पातके बोकडाच्या माथ्यावर ठेवून त्याला अरण्यात सोडून देत, हे लेवीयच्या पुस्तकात आपण वाचतो. आपल्यासाठी दुसऱ्या कुणी मरण्याची गरज आता उरलेली नाही, कारण ख्रिस्ताने ते एकदाच आणि सर्वांसाठी केले, ही हिब्रूंस लिहिलेल्या पत्राची शिकवण आहे. दर रविवारी मिस्साबलिदानात आपण तेच स्मरतो. असे असताना घरचे अरिष्ट टळावे म्हणून काचेच्या पेटीत एक काळा मासा पाळणे आणि तो मेला की त्याच कामावर दुसरा नेमणे, हे पहिल्या आज्ञेशी कसे जुळते? तो मासा आपल्यासाठी मेला, असे म्हणण्यात सोय मोठी आहे. मग तो आपल्यामुळे मेला का, हे विचारावे लागत नाही.

वस्तुतः तो पुष्कळदा आपल्यामुळेच मेलेला असतो. गोल्डफिश हा मासा चांगल्या पाण्यात आणि पुरेशा जागेत दहा-पंधरा वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगतो. आपल्या घरात तो दोन महिन्यांत मरतो, आणि आपण म्हणतो, ‘या माशांचे आयुष्यच तेवढे.’ मासा श्वासाबरोबर कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. त्याची विष्ठा आणि न खाल्लेले अन्न कुजूनही अमोनियाच तयार होतो. हे विष आहे. वाहत्या नदीत किंवा मोठ्या तळ्यात ते पातळ होते; लहानशा गोल भांड्यात ते साचत जाते. फिल्टरमध्ये आणि तळाच्या वाळूत वाढणारे जिवाणू या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर पुष्कळच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. परंतु नव्या पेटीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र पेटी आणतो त्याच संध्याकाळी तीत आठ-दहा मासे सोडतो. पुढे केव्हातरी स्वच्छतेच्या भरात सगळे पाणी ओतून, वाळू आणि फिल्टर नळाखाली घासून काढतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने उरलेसुरले जिवाणूही मरतात, आणि विष साचण्याचा फेरा पहिल्यापासून सुरू होतो.

हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच दिवशी दुसरा मासा आणण्याचा अर्थ स्पष्ट होतो. ज्या पाण्याने पहिला मेला, त्याच पाण्यात आपण दुसऱ्याला सोडतो. तो मेला की तिसऱ्याला सोडतो. शिवाय दुकानातून आलेला नवा मासा अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घेऊन आला, तर पेटीतले धडधाकट मासेही त्याला बळी पडतात. विहिरीचे पाणी पिऊन घरातले एक माणूस आजारी पडले, तर आपण आधी विहीर तपासतो. तोच साधा विवेक येथे का सुटावा? याचे एकच उत्तर आहे: मासा स्वस्त आहे.

‘पण मूल रडेल त्याचे काय?’ हा आक्षेप अधिक कळवळ्याचा आहे आणि म्हणून त्याला अधिक आदराने उत्तर दिले पाहिजे. होय, मूल रडेल. त्याला रडू द्यावे. आपला समाज मरण लपवणारा समाज नाही. घरात कुणी गेले, तर मुलांना शेजारी पाठवून आपण दार लावून घेत नाही. ती शवपेटीजवळ उभी राहतात, प्रार्थनेत सामील होतात. नोव्हेंबर महिन्यात सर्व मृतांच्या दिवशी आपण त्यांचा हात धरून दफनभूमीत जातो आणि आजोबांच्या क्रूसापाशी त्यांच्याकडून मेणबत्ती लावून घेतो. राखेच्या बुधवारी त्यांच्या कोवळ्या कपाळावर राख लागते आणि तू माती आहेस, हे त्यांनाही ऐकवले जाते. एवढे सगळे ज्याला झेपते, त्या मुलाला एका माशाचे मरण झेपणार नाही, असे आपण कशावरून ठरवतो?

खरे पाहता, ज्याला झेपत नाही ते मूल नसून आपणच आहोत. त्याचे रडे, त्याचे प्रश्न, ‘मासा स्वर्गात जातो का?’ ही त्याची शंका, या सगळ्यांना तोंड देण्यापेक्षा बाजारात जाऊन येणे सोपे असते. परंतु या सोप्या उपायाला एक किंमत आहे. आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नको असे सांगते, आणि तिच्यात माशांचा अपवाद नाही. मुलांची नजर फार बारीक असते. शेपटीवरचा ठिपका डावीकडचा उजवीकडे गेलेला त्यांना दिसतो. आज माशाविषयी जे खोटे बोलले गेले ते एकदा उघडकीस आले, की उद्या इस्पितळात असलेल्या आजीविषयी आपण खरे सांगितले तरी त्या मुलाने त्यावर विश्वास कसा ठेवावा? त्याहून वाईट म्हणजे, खोटे उघडकीस आले नाही तर मूल काय शिकते? जो जातो त्याची जागा दुपारपर्यंत भरून निघते, आणि जागा भरली की गेलेला कोण होता हे कुणी विचारत नाही.

आता शास्त्राकडे वळू. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने पाचव्या दिवशी जलचर व पक्षी निर्माण केले आणि त्यांना आशीर्वाद दिला. पवित्र शास्त्रातला हा पहिलाच आशीर्वाद आहे; मनुष्याच्या वाट्याला तो त्यानंतर आला. असिसीचे संत फ्रान्सिस रिएतीच्या सरोवरात नावेत बसलेले असताना एका कोळ्याने त्यांना नुकताच पकडलेला मासा भेट दिला. त्यांनी त्याला बंधू म्हटले आणि पुन्हा पाण्यात सोडले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. याच संताचे नाव धारण करणाऱ्या पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रत्येक प्राण्याला त्याचे स्वतःचे मोल आहे असे शिकवले, आणि वापरून फेकून देण्याच्या संस्कृतीवर टीका केली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात प्राण्यांना विनाकारण क्लेश देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला विसंगत ठरवले आहे. तोच ग्रंथ लगेच दुसरी बाजूही मांडतो: माणसांच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा आधी खर्चायला हवा, तो प्राण्यांवर उधळणे हेही अनुचित होय. म्हणून माशासाठी मिस्सा मागावी, की दिवस पाळावेत, असे मी म्हणत नाही. वाडीतल्या माडाच्या बुंध्याशी लहानसा खड्डा, आणि त्याला निर्माण करणाऱ्या देवाचे आभार मानणारे एक वाक्य, एवढे पुरे आहे.

‘आपण तर रोज मासे खातो!’ असे हसून म्हणणारे भेटतील. पाचूबंदर, अर्नाळा, नायगाव येथील कोळी बांधवांच्या श्रमांवर वाढलेल्या या भूमीत हा प्रश्न येणारच, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पुनरुत्थित प्रभूने तिबिर्याच्या किनाऱ्यावर शिष्यांसाठी निखाऱ्यांवर मासळीच भाजली होती. ताटातल्या पापलेटाने एका कुटुंबाची भूक भागते, दुसऱ्याची चूल पेटते, आणि आपण जेवणापूर्वी हात जोडून देवाला धन्यवाद देतो. पेटीतल्या माशाचे तसे नाही. त्याला आपण अन्न म्हणून घेतलेले नसते. त्याला सांभाळण्याचे आपण पत्करलेले असते. त्याचे मरण कुणाच्या उपयोगी पडत नाही. एकाला गरजेपोटी मारणे आणि दुसऱ्याला शोभेसाठी हळूहळू विषात कोंडणे, या दोहोंना एकाच तराजूत घालता येत नाही.

माझ्या म्हणण्याला एक अपवाद आहे, आणि तो मी मोकळेपणाने मांडतो. काही जाती कळपाने राहणाऱ्या आहेत. निऑन टेट्रासारखा मासा निदान सहाच्या सोबतीत निर्धास्त असतो. सोबती मेल्यावर एकटा उरलेला पानांआड दडून बसतो. तेथे आपले तत्त्व पाळण्यासाठी त्याला एकटा ठेवणे ही दुसरी क्रूरता होईल. अशा वेळी पाणी तपासून, मरणाचे कारण शोधून, नवे मासे काही आठवडे निराळ्या भांड्यात ठेवून मगच सोबतीला आणावेत. मात्र तेव्हा निर्णय जिवंत माशाकडे पाहून झालेला असतो, रिकाम्या जागेकडे पाहून नव्हे. नर फायटर मासा एकटाच राहणारा; त्याच्या मरणानंतर सोबतीची सबब सांगता येणार नाही. दीड-दोन वर्षांची गप्पी वयाने मेली असेल, तर तेथे अपराध नाही, आणि घाईही नाही.

कंटाळा आला म्हणून पेटीतले मासे गावच्या बावखलात सोडणाऱ्यांना दोनच शब्द. ही दया नव्हे. शोभेसाठी आणलेला सकर मासा नद्या-तलावांत शिरून स्थानिक मासळीवर कसा उठतो, हे देशात अनेक ठिकाणी दिसून आले आहे. आपली बावखले भराव टाकून आधीच बुजवली जात आहेत. जी उरली आहेत त्यांत आपल्या हौसेचा कचरा नको.

म्हणून माझी पालकांना विनंती आहे. पुढच्या वेळी पेटीत मासा मेलेला दिसला, तर तो मुलाला दाखवावा. संध्याकाळच्या रोझरीनंतर कुटुंबाने एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: तो कशाने मेला? आपल्याला दुसरा कशासाठी हवा आहे? पुढची दहा वर्षे दर आठवड्याला त्याचे पाणी कोण बदलणार? तिसऱ्या प्रश्नाला घरातून नाव घेऊन उत्तर आले नाही, तर बाजाराची वाट धरू नये. पेटीत एक जागा मोकळी राहील. पाहुण्यांना ती खटकेल, मूल तिच्याकडे पुन्हा पुन्हा पाहील. कुणी विचारलेच, तर त्या मुलालाच उत्तर देऊ द्यावे: येथे एक मासा होता, तो मेला.